मोलगीचं पोट आणि म्हातारपणाची आठवण

१९०६ साली आलॉइस अल्झायमर यांनी एका विसरभोळ्या बाईच्या मेंदूतले गोळे आणि गुंते जगापुढे मांडले. त्यानंतर शंभरेक वर्षं सगळी नजर डोक्यावरच राहिली. पोटाकडे लक्ष गेलं ते गेल्या दहा-पंधरा वर्षांत.

२०१२मध्ये पुण्याच्या योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी दोन एकत्र कुटुंबांतल्या तीन पिढ्या तपासल्या. घर एकच, तरी वयागणिक आतड्यातले जिवाणू वेगळे निघाले. २०१६मध्ये शिकागोत संग्राम सिसोदिया यांच्या प्रयोगशाळेत प्रतिजैविकं दिलेल्या उंदरांच्या मेंदूत अमायलॉइड, म्हणजे त्या गोळ्यांतलं प्रथिन, कमी साठलं. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनमध्ये अल्झायमरच्या पंचवीस रुग्णांच्या आतड्यात बिफिडोबॅक्टेरियम जिवाणू कमी आढळले. पण रुग्णाचं जेवणखाण बदलतं, म्हणून जिवाणू बदलतात, असंही असू शकतं. या शंकेला २०२३ने थोडं उत्तर दिलं. आयर्लंडमध्ये कॉर्कला रुग्णांच्या आतड्यातले जिवाणू तरुण उंदरांना दिले, तेव्हा त्यांची स्मृती ढासळली. सेंट लुईसला तर विसरणं सुरू होण्याआधीच, मेंदूत अमायलॉइड साठू लागलेल्यांचे जिवाणू वेगळे दिसले. माणसात कार्यकारण अजून सिद्ध झालेलं नाही. दही-ताकाने अल्झायमर टळतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

मला यात सातपुड्यातलं मोलगी गाव दिसतं. इथली भाकरी ज्वारी-मक्याची, सोबत उडदाची डाळ, अंबाडीची भाजी, भगर. घरी भरडलेली भगर मळकट दिसते, कारण कोंडा थोडा अंगावर राहतो. कोंड्यातल्या तंतूंवर मोठ्या आतड्यातले जिवाणू जगतात आणि ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात. आतड्याचं अस्तर त्यावर टिकतं. गिरणीतली पांढरीशुभ्र भगर, रेशनचा तांदूळ, पुड्यांतला खाऊ यांनी हे ताट बदलत चाललं आहे.

तरी डोंगरातल्या जेवणाचे गोडवे गाऊन थांबणं मला पटत नाही. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं. शहरापेक्षा खेड्यात जास्त, न शिकलेल्यांत जास्त. आणि मोलगीच्या अक्कलकुवा-धडगाव भागाची ओळख आजवर कुपोषणाच्या बातम्यांतून झाली. इथे बाळाच्या दंडाचा घेर मोजतात. आजीच्या विसरण्याला मात्र म्हातारचळ म्हणून सोडून देतात. हरियाणात बल्लभगडला निरक्षर वृद्धांसाठी हिंदीत स्मृतिचाचणी घडवली गेली. तशी चाचणी सातपुड्यातल्या भिली बोलींत हवी, आणि तिच्या जोडीला याच वृद्धांच्या आतड्यातल्या जिवाणूंची तपासणी. ताट पुरतं बदलण्याआधी.