बोअर पाण्याचा नाही, तापमानाचा!

आपल्याकडे बोअर मारला की प्रश्न दोनच. किती फुटावर लागलं आणि किती इंच लागलं? पण लातूर जिल्ह्यात किल्लारीला एक बोअर असाही आहे, जो पाण्यासाठी घेतलाच नव्हता. खोली 617 मीटर, म्हणजे दोन हजार फुटांच्या वर! 30 सप्टेंबर 1993च्या पहाटेच्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने, म्हणजे एनजीआरआयने तो घेतला. 338 मीटरपर्यंत आपला नेहमीचा काळा पाषाण, त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग थेट पाषाणाच्या कितीतरी आधीचा, अतिप्राचीन खडक. याच बोअरमध्ये थर्मामीटर सोडून शास्त्रज्ञांनी खोलीनुसार तापमानही मोजलं.

जमिनीचं तापमान कशाला मोजायचं? मे महिन्यात लातुरात चप्पल तुटली की पायच सांगतात की! पण पायांना कळतं ते आजचं. दिवसाची ऊब हात-दीड हात खाली जाऊन विरते. उन्हाळा-हिवाळ्याचा फरक साधारण पंधरा मीटरपर्यंत पोचतो. त्याखाली उतरतात ते फक्त वर्षानुवर्षं टिकलेले बदल, तेही शंभर वर्षांत जेमतेम शंभर-सव्वाशे मीटर. एरवी खाली जाल तसं तापमान एका चालीनं वाढत जातं. ग्राफवरची ही सरळ रेघ वरच्या टोकाला गरम बाजूकडे वाकलेली दिसली, की समजायचं, वरची जमीन अलीकडे तापलीय. म्हणजे ज्या गावात दीडशे वर्षांपूर्वी थर्मामीटर कुणी बघितलाही नव्हता, तिथला हिशेबही जमिनीनं ठेवलाय. देशभरातल्या अशा बोअरच्या नोंदींवरून एनजीआरआय आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी 2002 मध्ये मांडलं, की सुमारे दीडशे वर्षांत भारताची जमीन 0.9 अंश सेल्सिअसनं तापली.

हीच पद्धत उत्तर ध्रुवाजवळ वापरतात. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर यान्सनहाउगेन इथं 1998 मध्ये 102 मीटरचा बोअर घेतला आणि त्यात सेन्सरची माळ कायमची सोडून दिली. तिथली जमीन पर्माफ्रॉस्ट, म्हणजे सलग दोन वर्षं किंवा जास्त काळ शून्याखाली राहिलेली. वरचा थर तेवढा उन्हाळ्यात वितळतो, थंडीत पुन्हा गोठतो. सेन्सर सांगतात, खालची गोठलेली जमीनही तापतेय.

तापली तर आपलं काय जातं? आपली तूर जाते! मस्करी नाही. आजोबांच्या काळी ज्वारी जमिनीखालच्या पेवात ठेवायचे ना, तसं जगाचं एक पेव याच स्वालबार्डच्या डोंगरात 2008 पासून आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटनं ज्वारी, तूर, हरभऱ्याच्या वाणांचं बियाणं तिथं ठेवलंय. आतल्या खोल्या मशिननं उणे 18 अंशांवर ठेवतात. वीज गेलीच तर भरवसा भोवतालच्या गोठलेल्या डोंगराचा. 2016च्या ऑक्टोबरमध्ये बर्फाऐवजी पाऊस पडला आणि पाणी बोगद्याच्या तोंडातून आत शिरलं. बियाणं वाचलं. नंतर बोगदा नव्यानं, पाणी आत येणार नाही असा बांधावा लागला.

भारताचं 'हिमाद्री' केंद्रही 2008 पासून स्वालबार्डलाच आहे, हिमनद्यांच्या शेजारी, न्यू-ऑलसुंड गावात. कारभार गोव्यातल्या वास्कोहून चालतो. डिसेंबर 2023 पासून आपली माणसं तिथं हिवाळ्यातही राहू लागलीत. गावाजवळच बायेल्वा इथं जर्मन शास्त्रज्ञ 1998 पासून जमिनीचं तापमान नोंदवतायत. नांदेडच्या विद्यापीठात भूशास्त्र शिकणाऱ्यांनो, ऐकताय ना?

काम मात्र तसं 'बोअर'च. माझी एक मैत्रीण कृषी शाखेला आहे. तिला प्रॅक्टिकलला जमिनीतल्या थर्मामीटरची रीडिंग घ्यावी लागायची. 5, 10 आणि 20 सेंटीमीटरवरची, सकाळी सातला आणि दुपारी दोनला. "कुणीसुद्धा विचारत नाही गं आकडा काय आला," ती म्हणायची. मी विचारलं. तिनं वही काढली आणि एप्रिलच्या एका दुपारचं पान उघडलं. 5 सेंटीमीटरच्या रकान्यातला आकडा लाल पेननं गोल केला होता.