हिवाळ्याचे कपडे: आई-बाबा येण्याआधी

ऑक्टोबर उजाडला की आपल्या शिकागोतल्या घराघरांत एक फोन ठरलेला असतो. पलीकडून आई विचारते, "अगं, दोन स्वेटर विणून झालेत, शाल घेतली आहे, अजून काय आणू?" आणि आपण म्हणतो, "काही आणू नकोस, इथे सगळं मिळतं." मिळतं खरं. पण त्यातलं नेमकं काय घ्यायचं, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना दोन-तीन हिवाळे कुडकुडल्यावरच कळतं. आई-बाबांवर ती वेळ येऊ नये, म्हणून आजचा भाग.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. कपडा ऊब तयार करत नाही. ऊब आपल्या शरीराची असते, कपडा ती फक्त धरून ठेवतो, आणि तीही कापडात अडकलेल्या हवेच्या जोरावर. आजीची गोधडी आठवा. जुन्या लुगड्यांचे पातळ थर एकावर एक घालून शिवलेली. एकच जाड चादर तेवढी ऊब देत नाही. हिवाळ्याच्या कपड्यांचं तत्त्व तेच आहे: एक जाडजूड कोट घेण्याऐवजी तीन थर, आणि प्रत्येक थराचं काम वेगळं.

पहिला थर अंगालगतचा. त्याचं काम घाम टिपून बाहेर सोडायचं. इथेच आपली सगळ्यात मोठी चूक होते, कारण आपल्याला सवय सुती बनियनची. सुती कापड पुण्याच्या उन्हाळ्यात उत्तम. ते घाम शोषून घेतं, सावकाश वाळतं आणि अंगाला गारवा देतं. पण शून्याखाली हाच गुण उलटतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. ओलं कापड अंगाला चिकटलं, की वर कितीही भारी जाकीट घाला, आतून थंडी वाजणारच.

हे मी घरच्या अनुभवावरून सांगते आहे. माझे बाबा पहिल्यांदा जानेवारीत आले होते. अंगात सुती बनियन, सुती शर्ट, स्वेटर आणि त्यावर आमच्या घरातलं सर्वांत महाग जाकीट. हौसेने त्यांनी फावड्याने ड्राइव्हवेवरचा बर्फ काढला आणि तसेच नातीला घ्यायला शाळेच्या बसच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. बसला त्या दिवशी वीस मिनिटं उशीर झाला. घरी आले तेव्हा दात वाजत होते आणि बोटांची टोकं पांढरी पडली होती. जाकीट चांगलंच होतं. दगा दिला तो घामाने भिजलेल्या बनियनने आणि पातळ हातमोज्यांनी.

तेव्हा अंगालगत पॉलिएस्टरचे थर्मल किंवा मेरिनो लोकर घ्या. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषतच नाही आणि चटकन वाळतं. मेरिनोचा धागा बारीक, त्यामुळे तो साध्या लोकरीसारखा टोचत नाही आणि दोन-तीन दिवस घातला तरी त्याला फारसा वास येत नाही. मात्र हा थर अंगाशी नीट बसायला हवा. ढगळ असेल तर घाम टिपणार कसा?

दुसरा थर उबेचा. आईने विणलेला लोकरी स्वेटर इथे अगदी चालतो, फ्लीसही चालतं. फार थंडीत डाऊनचं, म्हणजे बदक किंवा हंसाच्या मऊ पिसांचं जाकीट. वजनाला हलकं आणि खूप उबदार, पण भिजलं की त्याचा गोळा होतो आणि ऊब जाते. शिवाय आपल्याकडे अनेकांना पक्ष्यांची पिसं नको असतात. त्यांनी सिंथेटिक भरणाचं जाकीट घ्यावं. ते थोडं जड असतं, पण ओलसर झालं तरी बऱ्यापैकी ऊब देतं आणि स्वस्तही पडतं.

तिसरा थर वाऱ्या-पावसाचा. शिकागोत खरा शत्रू वारा. राष्ट्रीय हवामान सेवेच्या तक्त्यानुसार तापमान शून्य फॅरनहाइट, म्हणजे उणे १८ सेल्सिअस असेल आणि वारा ताशी १५ मैलांचा असेल, तर उघड्या त्वचेला ते उणे १९ फॅरनहाइटसारखं लागतं आणि अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. ३० जानेवारी २०१९ आठवतो ना? त्या सकाळी इथे पारा उणे २३ फॅरनहाइटवर गेला होता. म्हणून बाहेरचं जाकीट वारा अडवणारं हवं, मांड्या झाकणारं हवं, आणि आत दोन थर मावतील इतकं सैल हवं. दुकानात जाताना आई-बाबांना स्वेटर घालूनच न्या.

आता हात, पाय आणि डोकं. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र ठेवणारे मिटन जास्त ऊब देतात, कारण बोटं एकमेकांना गरम ठेवतात. बुटांत दोन-दोन मोजे कोंबू नका. बूट घट्ट झाला की रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. एकच जाड लोकरी मोजा आणि बोटं हलतील असा बूट. आणि हो, आपण ज्या माकडटोपीला हसतो, ती इथे अगदी कामाची. कान, गाल, हनुवटी सगळं झाकते. बाबांना घालू द्या!

आई साडीच नेसणार असेल तर वाद घालू नका. आतून परकराऐवजी किंवा परकराखाली थर्मलची विजार, अंगठा वेगळा असलेले लोकरी मोजे, ब्लाउजच्या जागी पूर्ण बाह्यांचं थर्मल आणि वरून लांब कोट. पण बर्फावर चपला मात्र नकोत, आणि नेसताना साडी घोट्याच्या वर राहू द्या. ओला काठ पायाला गारठवतो आणि बुटाखाली अडकला की पडायची भीती.

नातवंडांसाठी एक महत्त्वाची सूचना. गाडीतल्या कार सीटमध्ये फुगीर जाकीट घालून मुलाला बसवू नका. अपघातात जाकीट दबतं आणि पट्टा सैल पडतो. आधी पट्टा नीट आवळा, मग वरून जाकीट किंवा पांघरूण घाला.

कपडे धुताना थर्मलला फॅब्रिक सॉफ्टनर लावू नका, त्याने घाम टिपायची ताकद कमी होते. डाऊनचं जाकीट मंद आचेवर ड्रायरमध्ये, दोन स्वच्छ टेनिस बॉल टाकून वाळवा, म्हणजे पिसं पुन्हा फुलतात. खर्चाची काळजी असेल तर आधी चांगले थर्मल, मिटन आणि बूट घ्या. जाकीट जुन्या कपड्यांच्या दुकानातही उत्तम मिळतं.

शेवटी काळजीचं. आपल्या अनेक आई-वडिलांना मधुमेह आहे. त्यात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणजे पाय गारठले तरी त्यांना कळणार नाही. बाहेरून आल्यावर त्यांची बोटं तुम्हीच पाहा. त्वचा पांढरी किंवा राखाडी, मेणासारखी आणि बधिर वाटली, तर चोळू नका, शेकोटी किंवा हीटिंग पॅड लावू नका. कोमट पाण्यात धरा आणि डॉक्टरांना फोन करा. माणूस थरथरतो आहे, जीभ जड झाली आहे, गुंगी येते आहे, असं दिसलं तर थेट ९११.

बाबा आता दर हिवाळ्यात येतात. घाम आला की आत जाऊन आधी थर्मल बदलतात आणि मगच नातीला आणायला निघतात. तुमचे पाहुणे यायच्या आधी या शनिवार-रविवारी कपाट उघडा आणि प्रत्येक कपड्याची आतली चिठ्ठी वाचा. ज्यावर कॉटन लिहिलं असेल, ते मे महिन्यासाठी वर ठेवून द्या.

उबेत राहा, मंडळी. पुन्हा भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार!