जुन्या लॅपटॉपला नवे आयुष्य

सभासद बंधू-भगिनींपैकी अनेकांच्या घरी कपाटात किंवा माळ्यावर एखादा जुना लॅपटॉप पडून असेल. सुरू व्हायला दहा मिनिटे लागतात, मध्येच अडकतो, आणि दुरुस्तीवाला म्हणतो, "आता नवाच घ्या." दुसरीकडे आपल्याच वस्तीतली होतकरू मुले मोबाईलच्या चार बोटांच्या पडद्यावर शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात आणि महाविद्यालयाचे प्रकल्प लिहितात. या दोन गोष्टींची गाठ कशी घालता येईल, हे सांगण्यासाठी हा लेख.

विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला मात्र ठरावीक सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे असंख्य धडधाकट यंत्रे एकाएकी 'जुनी' ठरली. इथे यंत्र संपलेले नाही, कंपनीची साथ संपली आहे. हा फरक आपण ओळखला पाहिजे.

याला पर्याय आहे तो मुक्त सॉफ्टवेअरचा. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. या दोहोंतून उभी राहिलेली प्रणाली कोणीही वापरावी, तपासावी, बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी, अशी परवानगी तिच्या परवान्यातच आहे. मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे. चोरून मिळवलेली प्रत वापरताना मनात जो संकोच असतो, तो इथे नाही. मित्राला प्रत देणे हा इथे गुन्हा नसून हक्क आहे.

या कामाशी आपल्या जुहूचेही नाते आहे. गुलमोहर क्रॉस रोडवरील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात (हे केंद्र २००३ साली सी-डॅकमध्ये विलीन झाले) या शतकाच्या आरंभी 'इंडिक्स' या नावाने लिनक्सवर भारतीय लिपी आणण्याचे काम झाले. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी टंकताना अक्षरानंतर येते, पण दिसते अक्षराआधी. क आणि ष जोडले की क्ष होतो. हे नियम यंत्राला शिकवावे लागतात. प्रणाली खुली असल्यामुळेच इथल्या तंत्रज्ञांना परवानगी न मागता तिच्यात हात घालता आला. आज लिनक्सवर मराठी सहज लिहिता-वाचता येते, ते अशा अनेकांच्या श्रमामुळे.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. प्रथम यंत्र तपासावे. प्रोसेसर ६४ बिटचा आणि रॅम ४ जीबी असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती चांगली चालते. रॅम २ जीबीच असेल तर एका वेळी एक-दोनच कामे करावीत. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर वेगात सर्वांत मोठा फरक पडतो. बॅटरी फुगलेली असेल तर ते यंत्र मुळीच वापरू नये, आधी बॅटरी काढून घ्यावी.

दुसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. आतील सर्व माहितीची प्रत दुसरीकडे काढावी. आमच्या हातून पहिल्याच खेपेस इथे चूक झाली. एका सभासदांनी दिलेल्या लॅपटॉपची डिस्क आम्ही पुसली आणि मागाहून कळले की त्यांच्या दिवंगत आईची छायाचित्रे त्यातच होती. ती परत मिळाली नाहीत. तेव्हापासून मालकाला समोर बसवून विचारल्याखेरीज आम्ही पुढे जात नाही.

त्यानंतर दुसऱ्या संगणकावर मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून फाईल उतरवावी आणि एचर किंवा रुफस या साधनाने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवावी. पेनड्राइव्हवरील जुना मजकूर यात पुसला जातो. तो पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप (कंपनीनुसार कळ बदलते) दाबले की यादी येते. तीतून पेनड्राइव्ह निवडावा. काहीही न बसवता प्रणाली तशीच चालवून पाहता येते. वाय-फाय, आवाज, कळफलक, कॅमेरा तपासावा, आणि समाधान झाल्यावरच 'डिस्क पुसून बसवा' हा पर्याय घ्यावा.

लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स त्यात आलेलेच असतात. कळफलकाच्या मांडणीत मराठी जोडली की इनस्क्रिप्ट पद्धतीने टंकता येते. शिकण्यासाठी पवईच्या आय.आय.टी.चे 'स्पोकन ट्युटोरियल' हे पाठ मराठीतही विनामूल्य आहेत.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. टॅलीसारखी विंडोजसाठी बनलेली सॉफ्टवेअर यावर सरळ चालत नाहीत. वर्डच्या फाईलची मांडणी कधी कधी हलते, म्हणून जमा करायची प्रत पीडीएफमध्ये काढावी. परंतु अभ्यास, अर्ज, लेखन आणि प्रोग्रॅमिंग शिकणे यासाठी असे यंत्र पुष्कळ वर्षे पुरते.

सभासदांनी एकदा आपले कपाट उघडून पाहावे. विद्यार्थी मित्रांनी हे काम स्वतःच्या हाताने शिकावे आणि आणखी दोघांना शिकवावे. दिलेला लॅपटॉप एका घराला उपयोगी पडेल, शिकवलेली कला मात्र सबंध वस्तीला पुरेल.