थिनर, अ‍ॅसिटोन, रेझिनचं काम घरी करताय? मग हातमोजे कुठले घ्यायचे ते आधी समजून घ्या

जासई : गणपती जवळ आले की आपल्या भागात पेण-हमरापूरपासून उरण-पनवेलपर्यंत रंगाचं काम जोरात सुरू होतं. कुणी मूर्तीच्या दागिन्यांना सोनेरी रंग देतो, कुणी मखराला वॉर्निश मारतो. शिफ्टवरून घरी आलेला एखादा पोरगा अंगणात बाईकची टाकी रंगवत बसतो. करंजा-मोऱ्याकडे होडीच्या फायबरची डागडुजी चालते. मोबाईलवर व्हिडिओ बघून रेझिनच्या फ्रेम आणि कीचेन करणाऱ्या मुली-बायाही आता गावोगावी आहेत.

या सगळ्या कामांत एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे सॉल्व्हंट. म्हणजे थिनर, टर्पेंटाइन, अ‍ॅसिटोन, स्पिरिट असे रंग किंवा चिकट माल पातळ करणारे, विरघळवणारे द्रव. आणि हात सांभाळायला बहुतेक जण मेडिकलमधून पातळ हातमोजे आणतात. हातमोजे घातले म्हणजे झालं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. चुकीचा हातमोजा काही वेळा उघड्या हातापेक्षाही जास्त नुकसान करतो. कसं, ते बघू.

भोक नसतानाही आरपार जातं

वाढदिवसाला फुगवलेला फुगा दुसऱ्या दिवशी मऊ पडलेला असतो. त्याला भोक नसतं, गाठही पक्की असते. तरी हवा जाते, कारण ती रबराच्या आतूनच हळूहळू बाहेर झिरपते. सॉल्व्हंट हातमोज्यातून असंच झिरपतं, फक्त उलट दिशेने, बाहेरून आत.

हातमोजा तीन प्रकारे दगा देतो. पहिला प्रकार फाटण्याचा किंवा बारीक भोकाचा. तो दिसतो, ओलं लागतं, म्हणून आपण सावध होतो. दुसरा प्रकार रबर खराब होण्याचा. हातमोजा फुगतो, सैल पडतो, चिकट होतो किंवा कडक होऊन तडकतो. हेही दिसतं. तिसरा प्रकार झिरपण्याचा, आणि तोच सगळ्यात फसवा. हातमोजा वरून नव्यासारखा दिसतो, हात कोरडा वाटतो, पण द्रव रबरातून कातडीपर्यंत पोचलेला असतो. वर हातमोजा असल्यामुळे त्याला उडून जायला वाट नसते. उघड्या हातावर पडलेला अ‍ॅसिटोन क्षणात उडतो, हातमोज्याच्या आत मात्र तो घामाबरोबर कातडीवर कोंडून राहतो.

याचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. डार्टमाउथ कॉलेजमधल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका कॅरेन वेटरहान यांच्या हातमोज्यावर ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या विषारी संयुगाचे एक-दोन थेंब पडले. त्यांनी लेटेक्सचे हातमोजे घातले होते आणि त्या वेळी ते पुरेसे मानले जात. काही महिन्यांनी त्यांचा तोल जाऊ लागला, बोलणं अडखळू लागलं. जून १९९७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. नंतर केलेल्या चाचणीत दिसलं की तो द्रव तसल्या हातमोज्यातून काही सेकंदांतच आरपार जातो.

आपला थिनर काही इतका जहाल नाही, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण धडा तोच आहे. हातमोजा घातला आहे का, एवढं विचारून भागत नाही. कुठल्या द्रवासाठी कुठला हातमोजा, हे विचारायचं.

एकच हातमोजा सगळ्याला का चालत नाही?

तेलकट हात नुसत्या पाण्याने साफ होत नाही, रॉकेलने होतो. एका जातीचा माल त्याच जातीच्या द्रवात मुरतो. हातमोज्याचंही तसंच आहे. ज्या रबराची आणि द्रवाची जात जुळते, तिथे द्रव रबरात मुरतो आणि आरपार जातो. जात जुळत नसेल तर तो बाहेरच अडतो. म्हणून कुठल्या कामाला काय चालतं ते असं :

– टर्पेंटाइन, रॉकेल, डिझेल, ग्रीस : नायट्रिल रबर चांगलं. मात्र जाड, साधारण ०.४ मिलिमीटरचं, कोपराच्या दिशेने लांब बाही असलेलं घ्या. ऑइल पेंटचे ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुवायचे असतील तर हेच. साधं लेटेक्स इथे फुगतं आणि लवकर निकामी होतं.

– अ‍ॅसिटोन : इथे नायट्रिल चालत नाही. पातळ नायट्रिलमधून अ‍ॅसिटोन एक-दोन मिनिटांत जातो. खरा उपाय ब्युटाइल रबर, ते कित्येक तास टिकतं. ते महाग असतं आणि छोट्या दुकानात मिळत नाही. चार-पाच मिनिटांचं पुसापुशीचं काम असेल तर जाड लेटेक्सचा हातमोजा पातळ नायट्रिलपेक्षा बरा. पण वेळ लांबवू नका.

– टोल्युइन, झायलिन : हे बऱ्याच थिनरमध्ये असतात. लेटेक्स, ब्युटाइल आणि पातळ नायट्रिल, तिघेही इथे कमी पडतात. व्हिटॉन नावाचं रबर चालतं, पण ते फारच महाग असतं.

– स्पिरिट, आयसोप्रोपाइल अल्कोहोल : जाड नायट्रिल चालतं. सॅनिटायझरसारखं अधूनमधून लागत असेल तर पातळही भागवतं, फक्त बदलत राहा.

– रंग काढायचा पेंट रिमूव्हर : डब्यावर मिथिलिन क्लोराइड किंवा डायक्लोरोमिथेन लिहिलं असेल तर मेडिकलच्या कुठल्याही हातमोज्यावर भरवसा ठेवू नका. हा द्रव पातळ नायट्रिलमधून एक-दोन मिनिटांत जातो आणि कातडी भाजते. घरी हे काम न केलेलंच बरं.

– रेझिन आर्टचं इपॉक्सी : नायट्रिल वापरा. रेझिन लागलं की हातमोजा लगेच बदला. इपॉक्सी आणि त्याच्या हार्डनरची अ‍ॅलर्जी एकदा बसली की आयुष्यभर राहू शकते. मग थोडंसं लागलं तरी खाज आणि पुरळ. हाताला लागलेलं रेझिन अ‍ॅसिटोनने पुसू नका, अ‍ॅसिटोन ते कातडीत आणखी आत नेतो. साबण-पाणीच वापरा.

– होडीचं फायबर : त्याच्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरिन असतं आणि पातळ नायट्रिल त्याला फार वेळ अडवत नाही. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून इथे हातमोज्याइतकाच चष्मा गरजेचा. हार्डनर आणि कोबाल्टचं अ‍ॅक्सिलरेटर कधीही एकमेकांत थेट ओतू नका, भडका उडतो. एक रेझिनमध्ये नीट ढवळून झाल्यावरच दुसरं घाला.

एनसी थिनरची खरी अडचण

आपल्याकडे सगळ्यात जास्त खपतो तो एनसी किंवा पीयू थिनर. हा एक द्रव नसून खिचडी असते. त्यात टोल्युइन किंवा झायलिन, अ‍ॅसिटोनसारखे कीटोन, एसिटेट, अल्कोहोल असं बरंच काही असतं, आणि प्रमाण कंपनीप्रमाणे बदलतं. ब्युटाइल घ्यावं तर टोल्युइन जातो. व्हिटॉन घ्यावं तर अ‍ॅसिटोन जातो. नायट्रिल दोघांनाही नीट अडवत नाही.

यावर इलाज म्हणजे अनेक थरांच्या प्लास्टिकचे लॅमिनेट हातमोजे. ते चपटे, ढगळ आणि कुरकुरीत वाटतात, पण बहुतेक सॉल्व्हंट अडवतात. बोटांना पकड यावी म्हणून त्यावर जाड नायट्रिल चढवायचं. औद्योगिक सुरक्षेचं सामान विकणाऱ्या दुकानात किंवा ऑनलाइन ते मिळू शकतात.

ते नसतील तर कामाची पद्धत बदला. हात थिनरमध्ये घालायचाच नाही. ब्रश धुवायला झाकणाची बरणी, पार्ट बुडवायला चिमटा, पुसायला लांब दांडीचा ब्रश. हातावर एकावर एक दोन नायट्रिल घाला आणि शिंतोडा पडला की वरचा तेव्हाच काढून टाका. हातमोजा इथे शिंतोड्यापुरता आहे, बुडवण्यासाठी नाही, हे लक्षात ठेवा.

पाकिटावर काय बघायचं?

दुकानदार 'केमिकलचे आहेत' म्हणाला म्हणून घेऊ नका. पाकिटावर प्रयोगशाळेतल्या निमुळत्या काचेच्या चंबूचं चित्र आणि 'ईएन आयएसओ ३७४-१' असा आकडा शोधा. शेजारी टाइप ए, बी किंवा सी लिहिलेलं असतं. टाइप ए म्हणजे ठरलेल्या यादीतल्या किमान ६ रसायनांना प्रत्येकी ३० मिनिटं तरी अडवतो. टाइप बी म्हणजे किमान ३ रसायनांना ३० मिनिटं. टाइप सी म्हणजे किमान एकाला १० मिनिटं.

चित्राखालची इंग्रजी अक्षरं त्याहून महत्त्वाची. ए म्हणजे मिथेनॉल, बी अ‍ॅसिटोन, डी डायक्लोरोमिथेन, एफ टोल्युइन, आय इथाइल एसिटेट, जे हेप्टेन म्हणजे पेट्रोलच्या जातीचं. के म्हणजे कॉस्टिक सोडा आणि एल म्हणजे तीव्र सल्फ्युरिक आम्ल. समजा पाकिटावर जे, के, एल लिहिलं आहे. तर तो हातमोजा चांगला आहे, पण अ‍ॅसिटोनसाठी तुमच्या उपयोगाचा नाही. नुसतं हातोडीचं चित्र असेल तर तो घासण्या-कापण्यापासून बचावाचा आहे, रसायनाचा नव्हे.

आणखी एक. ही चाचणी साधारण २३ अंशांवर होते. आपला हात त्याहून गरम, शिवाय आपल्याकडचा उन्हाळा. त्यामुळे प्रत्यक्षात वेळ कमीच मिळतो. जाडीचा फरक मात्र मोठा असतो. त्याच रबराची जाडी दुप्पट झाली की झिरपायला लागणारा वेळ ढोबळमानाने चौपट होतो.

डब्यावरच्या कंपनीकडून मालाचं सुरक्षा माहितीपत्रक मागता येतं. त्यातल्या ८ व्या भागात हातमोज्याची माहिती असते. पण बऱ्याचदा तिथे 'योग्य हातमोजे वापरा' एवढंच असतं. मग ३ ऱ्या भागात थिनरमध्ये काय काय आहे ते वाचा आणि त्यातल्या सगळ्यात अवघड द्रवाप्रमाणे हातमोजा निवडा. एमआयडीसीतल्या जुन्या ड्रममधला, नाव-गाव नसलेला थिनर स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. आत काय आहे तेच माहीत नसेल तर हातमोजा निवडणार कसा?

रोजच्या कामात एवढं पाळा

घालण्याआधी हातमोज्यात हवा भरून भोक आहे का बघा. अंगठी, घड्याळ काढा. काढताना बाहेरची बाजू उलटी करत काढा, कातडीला लावू नका. पातळ हातमोजा एकदाच वापरायचा. रबरात मुरलेला थिनर काम थांबल्यावरही आत सरकत राहतो, म्हणून 'उद्या परत घालू' असं ठेवू नका. कापडी हातमोजा सॉल्व्हंटला कधीच नको, तो भिजून कातडीला चिकटून बसतो. ड्रिल किंवा ग्राइंडर चालवताना सैल हातमोजा काढून ठेवा, अडकला तर बोट जाईल.

हातमोजा वाफेपासून वाचवत नाही. काम उघड्यावर करा, जवळ चूल, शेगडी, बिडी नको. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी थिनरच्या कामापासून लांब राहावं.

हातमोज्यात ओलं, गार किंवा झोंबल्यासारखं वाटलं तर 'एवढं संपवतो' म्हणू नका. तेव्हाच काढा आणि साबण-पाण्याने हात धुवा. हाताचा रंग थिनरने धुण्याची आपली जुनी सवय आहे, ती सोडा. त्याने कातडीचं तेल निघून जातं, भेगा पडतात आणि पुढच्या वेळी रसायन आणखी सहज आत जातं. खोबरेल किंवा खायच्या तेलाने रंग सैल करा, मग साबण लावा. डोळ्यात गेलं तर किमान १५ मिनिटं स्वच्छ पाण्याने धूत राहा आणि दवाखाना गाठा. जाताना डबा किंवा त्यावरच्या लेबलचा फोटो सोबत न्या. गाडी हवी असेल तर १०८ ला फोन करा.

दुकानात जायच्या आधी घरातल्या डब्यांचे फोटो काढा, आत काय आहे ते वाचा आणि मगच हातमोजा मागा. घरात किंवा वाड्यात कुणी रंगाचं, फायबरचं, रेझिनचं काम करत असेल तर त्यांनाही हे वाचायला पाठवा.