वर्षाची बेगमी

फाल्गुनापासून वैशाख सरेपर्यंतचे तीन महिने महाराष्ट्रातील मध्यम स्थितीच्या कुटुंबात ज्या एका कामाला वाहिलेले असत, ते काम म्हणजे पुढील वर्षाच्या धान्याची, डाळींची, मसाल्यांची आणि वाळवणांची तरतूद. आणि या कामाला घरातील कर्त्या बाईचे जे ज्ञान लागे, ते बाजारभाव, ऋतुमान, धान्याची जात, किडीचा स्वभाव आणि घरातील माणसांची भूक या पाचही गोष्टींचा एकत्र विचार करणारे असल्यामुळे त्याला शास्त्र म्हणण्यास मला मुळीच संकोच वाटत नाही. पुढे दरमहा वेतन हातात येऊ लागले, वाण्याचे दुकान जिन्याखाली आले, आणि आता तर मागणी नोंदवल्यापासून काही मिनिटांत सामान दाराशी येऊन पोहोचते. त्यामुळे या शास्त्राची गरज उरली नाही असा समज रूढ झाला आहे. मर्यादित मिळकतीच्या कुटुंबाला हा समज फार महाग पडतो.

तो कसा महाग पडतो हे कळण्यासाठी प्रथम पैसा जातो कोठे ते पाहिले पाहिजे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०२२-२३ साली घरगुती खर्चाची जी पाहणी केली, तीत शहरी भागातील दरडोई खर्चापैकी सुमारे ३९ टक्के रक्कम अन्नावर खर्च होते असे दिसून आले. परंतु त्यात गहू, तांदूळ, ज्वारी अशा तृणधान्यांचा वाटा चार टक्क्यांहूनही कमी, तर पेये, फराळाचे तयार जिन्नस आणि कारखान्यातून बांधून आलेले पदार्थ यांचा वाटा दहा टक्क्यांहून अधिक होता. याचा अर्थ असा की गव्हाच्या भावात किलोमागे दोन रुपयांची घासाघीस करून साधणारी बचत अगदीच अल्प आहे, आणि खरी गळती संध्याकाळी सात वाजता, घरात भाजणी नाही, पिठल्याचे पीठ नाही, भिजवलेले कडधान्य नाही, म्हणून जे विकत आणले जाते त्यात आहे. भरलेल्या फडताळाचा मोठा लाभ स्वस्त खरेदीचा नसून अशा अवेळी होणाऱ्या महाग खरेदीची गरजच न उरण्याचा आहे, हे ध्यानात ठेवले तर बेगमी कशाची करावी आणि कशाची करू नये याचा निवाडा पुष्कळ सोपा होतो.

तथापि खरेदीची वेळ साधणे ही पहिली पायरी आहेच. सुगीच्या दिवसांत शेतकऱ्याला मजुरी, खते, देणी यांसाठी रोख रकमेची निकड असते, माल ठेवण्यास त्याच्यापाशी जागा नसते, आणि सगळ्यांचाच माल एकाच वेळी बाजार समितीच्या आवारात उतरल्यामुळे भाव खाली येतात. हाच माल पुढे सहा महिने ज्याच्या गोदामात पडून राहतो तो भाडे, व्याज, तूट आणि आपला नफा त्यावर चढवून आपल्याला विकतो. म्हणून आवक केव्हा होते हे ठाऊक असणे हे गृहिणीचे पहिले भांडवल होय. भात दिवाळीच्या आगेमागे कापले जाते, आणि नवा तांदूळ गिचका होतो म्हणून पुष्कळांना नकोसा असतो. पण पौषात तो घेऊन घरातच वर्षभर मुरू दिला तर दुकानात ज्या जुन्या तांदळाला चढा भाव मोजावा लागतो तोच आपल्या डब्यात विनासायास तयार होतो. तूर पौष-माघात येते आणि लातूर-अकोल्याच्या डाळ गिरण्यांतून नवी डाळ तेव्हाच बाहेर पडू लागते. हरभरा, सोलापूर-बीडकडची शाळू ज्वारी आणि गहू हे फाल्गुन-चैत्रात, हळद, लाल मिरची, धने आणि चिंच त्याच सुमारास, गूळ गुऱ्हाळे थंडावण्यापूर्वी माघात, कोकम वैशाखात. कांद्याच्या बाबतीत मात्र एक भेद विसरू नये. पावसाळी पिकाचा लाल कांदा कितीही स्वस्त मिळाला तरी तो टिकत नाही. चैत्र-वैशाखात निघणारा उन्हाळी कांदाच साठवणीचा, आणि तोही हवेशीर जागी, बटाट्यांपासून दूर पसरून ठेवलेला.

कोकणात आणि गोव्यात ही बेगमी केवळ काटकसरीपोटी नव्हे, तर निसर्गाच्या सक्तीने होत असे. पावसाचे चार महिने वाटा बंद, समुद्र खवळलेला. आजही १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीस बंदी असते. म्हणून सुके बोंबील, सोडे, सुकट, आमसुले, कुळथाचे पीठ आणि राखून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या यांवर तेथील स्वयंपाकघर तो काळ निभावते. आणि मडगावात पावसाळ्याच्या तोंडावर भरणारे पुरुमेंताचे फेस्त म्हणजे याच खरेदीचा उत्सव होय, जेथे खारे मासे, सुक्या मिरच्या, चिंच आणि सोले यांच्या राशी लागतात. कोणत्या वस्तू खरोखर टिकतात याची इतकी कसून झालेली परीक्षा दुसरीकडे पाहावयास मिळणे कठीण.

आता किती भरावे, हा प्रश्न. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सांगितलेला समतोल आहार प्रमाण धरला, तर बैठे काम करणाऱ्या प्रौढ माणसाला रोज सुमारे २५० ग्रॅम तृणधान्य आणि ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य पुरते. चार माणसांच्या घरात धान्य दिवसाला एक किलो, म्हणजे वर्षाला ३६५ किलो. डाळी आणि कडधान्ये मिळून वर्षाला सुमारे १२४ किलो. आणि माणशी २७ ग्रॅम हे प्रमाण पाळले तर तेल महिन्याला सव्वातीन किलोच्या आसपास. अंगमेहनत करणाऱ्याचे प्रमाण अर्थातच अधिक. एकूण बेरीज पाच क्विंटलांच्या जवळ जाते, आणि ज्या वाड्यांत कणग्या आणि बळदे होती तेथे ती सहज सामावत असली, तरी दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात तिचा आग्रह धरणे हे सारासार विचाराला सोडून होईल. अशा घराने जे थोड्या जागेत मावते, फार टिकते आणि ज्याचा भाव वर्षभरात फार चढतो तेच वर्षाचे भरावे: तिखट, हळद, चिंच, आमसूल, तूरडाळ, आणि जमल्यास तांदूळ. गहू-ज्वारी तीन-चार महिन्यांची पुरे. तेल, साखर, रवा, पोहे महिन्याचे. आणि पीठ आठवड्याचे, कारण दाणा वर्षभर टिकतो पण दळल्याबरोबर त्यातील स्निग्धांश हवेच्या संपर्कात येऊन खवट होऊ लागतो, आणि बाजरीचे पीठ तर थोड्याच दिवसांत कडवट होते. स्वतःच्या घराचे नेमके प्रमाण कळण्यास डबा उघडल्याची तारीख झाकणावर लिहून ठेवावी. दोन-तीन डबे संपेपर्यंत खपाचा जो अंदाज येतो तो कोणत्याही कोष्टकाहून बिनचूक असतो.

साठवणीचे मर्म ओलाव्यात आहे. दाण्यात पाण्याचा अंश शेकडा बारांहून अधिक राहिला की बुरशी आणि कीड या दोघींनाही आमंत्रण मिळते. म्हणून दाणा दाताखाली धरला असता कट्कन तुटला पाहिजे, चेपता कामा नये. चैत्र-वैशाखातील कडक उन्हात धान्य दोन-तीन दिवस पसरावे, परंतु उन्हातून उचलून लगेच डब्यात भरू नये, कारण गरम दाण्यांची वाफ झाकणाखाली निवून पुन्हा पाणी होते; रात्रभर सावलीत निववून मग भरावे, काठोकाठ भरावे, आणि मोठ्या एका पिंपाऐवजी लहान डबे करावेत, म्हणजे एक उघडला तरी बाकीच्यांना हवा लागत नाही. गव्हाला एरंडेलाचा हात, धान्यात कडुनिंबाचा सुकवलेला पाला, मूग-मटकीला चाळलेली राख, चिंचेला मीठ, तिखटात हिंगाचे खडे, हे उपाय जुने आहेत आणि आजही उपयोगी आहेत. कडधान्याला लागणारा भुंगेरा शेतातच शेंगेवर अंडी घालून येतो, त्यामुळे डबा कितीही स्वच्छ असला तरी कीड आतूनच बाहेर पडते. डाळीला मात्र तो क्वचितच लागतो, म्हणून वर्षाच्या साठ्यासाठी अखंड कडधान्यापेक्षा डाळ अधिक भरवशाची.

येथे एका गोष्टीबद्दल निक्षून लिहिणे मला कर्तव्य वाटते. गोदामात वापरण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या काही घरांत धान्याच्या पिंपात ठेवल्या जातात. त्यांतून निघणारा वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो आणि त्यावर उतारा नाही. राहत्या घरात त्या आणूच नयेत. पाऱ्याच्या गोळ्याही खाण्याच्या धान्यात नकोत. तसेच भुईमुगाच्या दाण्यांना बुरशी धरली असेल तर ते भाजून, कूट करून वापरण्याचा मोह आवरावा. त्या बुरशीचे विष भाजण्याने नाहीसे होत नाही, आणि तेथे काटकसर करणे म्हणजे यकृताच्या आरोग्यातून पैसे वाचवणे होय.

खरेदी सुटी करावी की वेष्टनातील, याचा हिशेबही नीट मांडला पाहिजे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोंपर्यंतच्या वेष्टनबंद, लेबल लावलेल्या धान्यावर, डाळींवर आणि पिठांवर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. सुट्या मालावर तो बसला नाही. वेष्टनावर आता प्रतिकिलो किंवा प्रतिग्रॅम किंमत छापावी लागते, आणि मोठे पुडके नेहमीच स्वस्त असते या समजाची शहानिशा त्या बारीक अक्षरांत होते. सुट्या मालात निवडण्या-पाखडण्यात जाणारी घट धरून भाव ठरवावा, आणि दुकानदाराच्या काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा चालू वर्षाचा शिक्का आहे की नाही हे पाहण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.

एकट्या घराला पोत्याने घेणे जड जाते, तेव्हा चार घरांनी मिळून घ्यावे. १९७२च्या दुष्काळाच्या दिवसांत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा डाळ-तेलाचा भाव हा चुलीपुरता प्रश्न नसून सार्वजनिक प्रश्न आहे हे सरकारला मान्य करावे लागले. आणि १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने त्याच जाणिवेला रोजच्या व्यवहाराचे रूप दिले. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करावा, आगाऊ मागणीपत्रक भरावे, माल एकत्र घाऊक घेतला जावा आणि ठरल्या दिवशी सभासदांनीच तो आपसात वाटून घ्यावा, ही तिची पद्धत कोणत्याही गृहनिर्माण संस्थेला अनुकरण करता येण्यासारखी आहे. शक्य असेल तेथे अशा संघाने माल थेट शेतकऱ्याकडून घ्यावा. त्यात आपला पैसा वाचतो आणि त्याला बाजारापेक्षा दोन पैसे अधिक मिळतात.

साठा केला पण त्याचे अन्न सहज होत नसेल तर तो व्यर्थ जातो, आणि याचसाठी पूर्वीच्या बेगमीत कच्च्या धान्याइतकेच महत्त्व अर्धसिद्ध जिनसांना होते. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, कुळथाचे पीठ, डाळींचे सांडगे, भाजून ठेवलेला रवा, शेंगदाण्यांचे कूट, जवसाची आणि कारळ्याची चटणी एवढे घरात असले की पंधरा-वीस मिनिटांत कोणत्याही वेळी सकस जेवण उभे राहते. रात्री भिजवलेली मटकी दुसऱ्या दिवशी मोडासह वजनाने दुपटीहून अधिक भरते; श्रावणात पालेभाज्या कडाडतात तेव्हा तिचा आधार फार मोठा. ही कामे एकट्या स्त्रीवर लादून तिला काटकसरीचे धडे देणे अन्यायाचे आहे. भाजणी भाजणे, धान्य उन्हात पसरणे, डबे पुसून भरणे ही घरातील पुरुषांना आणि मोठ्या मुलांना सहज येणारी कामे आहेत.

राहिला प्रश्न रोकड रकमेचा. ज्याला हप्त्याच्या पगारावर दिवस काढायचे आहेत त्याला सुगीत एकदम धान्य घेणे शक्य नसते, आणि म्हणून तोच वर्षभर पाव-पाव किलोने सर्वांत महाग खरेदी करतो. स्वस्ताईचा लाभ ज्याच्या गाठीला पैसा आहे त्यालाच मिळावा ही व्यवस्था मला अतिशय खटकते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळण्याचा हक्क आहे. तो पुरेपूर वसूल करावा, म्हणजे गव्हा-तांदळावरचा खर्च वाचून ती रक्कम डाळीकडे वळवता येते. त्यापुढील तजवीज बचत गटांनी आणि सहकारी पतसंस्थांनी करण्यासारखी आहे. दुचाकीसाठी आणि लग्नासाठी कर्ज देणाऱ्या संस्थेने चैत्रात, अल्प व्याजाने, केवळ डाळ, मिरची, हळद आणि चार महिन्यांचे धान्य एवढ्यापुरते धान्यकर्ज द्यावे, रक्कम सभासदाच्या हाती न देता एकत्रित खरेदीत वळती करावी, आणि जे पैसे तो एरवी दर आठवड्याला वाण्याकडे मोजणार होता त्यांतूनच दसऱ्यापर्यंत हप्त्याने परतफेड घ्यावी.