डाव्या पायाखालचं हायड्रॉलिक्स

बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडर ही काही नवलाई नाही. एका शेडमध्ये ओतकाम, दुसऱ्यात बोअरिंग, तिसऱ्यात होनिंग, अशा शेडांच्या रांगाच आहेत. आपल्यापैकी अनेकांच्या घरात एखादा काका, मामा किंवा शेजारी असा असतोच, जो बोअरमधून नुसतं बोट फिरवून सांगतो, "अजून दोन हात होनिंग पाहिजे." पण घरच्या गाडीचा क्लच नीट सुटत नाही म्हटलं की त्याच घरात उत्तर येतं, "प्लेट गेली असेल, बदलून टाक."

बऱ्याच गाड्यांत क्लच पेडल आणि क्लच प्लेट यांच्यामध्ये एक छोटीशी हायड्रॉलिक यंत्रणा असते. गिअर मऊ पडतो की खरखरतो, पेडल कुठं पकडतं, पायाला काय कळतं, यातलं बरंच काही तिथं ठरतं. सध्या तरुण मुलांत ही यंत्रणा बदलून शिफ्टिंग सुधारण्याची हौस वाढली आहे. माझी लेक त्यातलीच. ती पणजीला नोकरीला आहे आणि शनिवार-रविवारी जांबोटी, कणकुंबी, चोर्ला असा घाट ओलांडून घरी येते. गेल्या पावसाळ्यात तिनं फर्मान काढलं, "बाबा, मोठा मास्टर सिलिंडर बसवूया. गिअर लोण्यासारखे पडतील." पुढचे दोन रविवार आम्ही काय केलं, काय केलं नाही आणि का, ते इथं सांगतो.

पेडलपासून प्लेटपर्यंत

पेडल दाबलं की एक दांडी, म्हणजे पुशरॉड, मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलते. तिथला ब्रेक ऑइलचा द्रव पाइपमधून आणि पुढं एका लवचीक होजमधून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरकडं जातो. स्लेव्हचा पिस्टन क्लचचा फोर्क ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला रेटतो आणि प्लेट सुटते. काही गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आतच, शाफ्टभोवती बसवलेला असतो. तसा असेल तर गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय त्याला हात लागत नाही. आमच्या दहा वर्षांच्या डिझेल गाडीत तो बाहेर आहे, म्हणून हा उद्योग घरी जमला.

सगळा हिशोब बोअरच्या वर्गाचा. आमच्या मास्टरचा बोअर १६ मिलिमीटर, स्लेव्हचा २०. सोळाचा वर्ग २५६, विसाचा ४००. म्हणजे मास्टर जितका सरकेल त्याच्या ०.६४ पट स्लेव्ह सरकणार आणि त्या बदल्यात जोर दीडपटीहून थोडा अधिक मिळणार. शाळेत शिकलेला पास्कलचा नियम तो हाच.

हरवलेले तीन मिलिमीटर

लेकीची तक्रार नेमकी होती. सकाळी गाडी ठीक चालते. पण घाटात ट्रकांच्या मागं अर्धा तास हाफ क्लचवर काढला की पहिला गिअर अडतो आणि रिव्हर्स खरखरतो. पेडलही अगदी तळाशी गेल्यावर सुटतं. ही खूण प्लेट घसरण्याची नाही, प्लेट पुरती न सुटण्याची आहे. प्लेट घसरत असेल तर इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी मात्र मागं राहते. दोन्हींवरचे उपाय वेगळे.

आमच्या धंद्यातली सवय अशी की मोजल्याशिवाय मशीनला पाना लावायचा नाही. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना विटा. लेक पेडलवर, मी व्हर्निअर घेऊन बॉनेटखाली. पुशरॉड २४ मिलिमीटर सरकत होता. हिशोबानं स्लेव्ह १५.४ सरकायला हवा होता. भरला १२.५.

"मग तीन मिलिमीटर गेले कुठं?" तिनं विचारलं.

प्रश्न बरोबर होता. मोठा मास्टर बसवला असता तर हे तीन मिलिमीटर झाकले गेले असते, पण सापडले नसते.

थोडी चाल तर मुळातच वाया जायची असते. मास्टरमध्ये टाकीकडून येणारं एक बारीक छिद्र असतं. पिस्टननं ते ओलांडल्यावरच दाब तयार होतो. पेडल सोडल्यावर गरम होऊन फुगलेला द्रव त्याच वाटेनं टाकीत परततो. म्हणून पुशरॉडला किंचित ढील ठेवावीच लागते. पेडल वर पकडावं म्हणून कुणी ती ढील संपवली, तर छिद्र झाकलेलं राहतं, दाब अडकतो आणि पाय न लावताही क्लच घसरू लागतो.

उरलेली चाल खात होते द्रव आणि होज. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि कणकुंबीच्या पावसातल्या ओलीबद्दल बेळगावकरांना मी काय सांगावं! ताजं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. मुरलेल्या ओलीसह ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरलेली चालते, असं प्रमाण आहे. स्लेव्ह बसतो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या उष्णतेत. द्रवात वाफेचे किंवा हवेचे बुडबुडे झाले की पेडलचा जोर ते दाबण्यातच जातो.

दाब, धर, सोड

जुना द्रव काढणं हे दोन माणसांचं काम. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं स्लेव्हवरचं ब्लीड निपल रिंग पान्यानं अर्धा फेरा सैल करायचं, द्रव आला की आवळायचं आणि मगच पेडल सोडायचं. क्रम चुकला तर हवा आत जाते. टाकीतली पातळीही खाली जाऊ द्यायची नाही. बाटलीत उतरणारा द्रव बघून लेक म्हणाली, "बाबा, हे काय काळं काळं यायलंय!" तो काळेपणा रबरी सीलच्या झिजेचा आणि मळाचा. स्वच्छ द्रव यायला लागल्यावर पुन्हा माप घेतलं. १४ मिलिमीटर. दीड मिलिमीटर नुसत्या द्रवानं परत दिलं.

दुसऱ्या रविवारी होज बदलला. जुना रबरी होज दाबाखाली थोडा फुगतो. लेक पेडल दाबत असताना मी तो मुठीत धरला, तेव्हा फुगवटा हाताला कळत होता. त्याच्या जागी आत टेफ्लॉनची नळी आणि बाहेर स्टीलची जाळी असलेला होज, मूळ लांबीचाच, बसवला. इंजिन हलतं, त्यामुळं होज ताठ बसवून चालत नाही. जोडाचे तांब्याचे वॉशर नवे टाकले. माप १४.५. अर्धा मिलिमीटर म्हणजे फार नाही, पण पेडलमधला स्पंजासारखा मऊपणा गेला. प्लेट कुठं पकडते ते पायाला स्पष्ट कळू लागलं.

तिसरी गोष्ट सगळ्यात स्वस्त. पेडलच्या खिळीतलं प्लॅस्टिकचं बुश झिजून पेडल डावं-उजवं डुलत होतं. शेडमधल्या लेथवर पितळेचं बुश काढलं, ग्रीस लावून बसवलं. लेकीला स्वतः काढायचं होतं. तिनं पहिलं बिघडवलं, दुसरं नीट काढलं.

जे आम्ही बदललं नाही

आता मोठ्या मास्टरची गोष्ट. १६ ऐवजी १८ मिलिमीटरचा मास्टर लावला की स्लेव्हची चाल सुमारे २७ टक्के वाढते आणि पेडलही तेवढंच जड होतं. चाल मर्यादेबाहेर गेली तर क्लचची डायफ्रॅम स्प्रिंग गरजेपेक्षा जास्त दाबली जाते, स्लेव्हचा पिस्टन बोअरच्या टोकापर्यंत जाऊ शकतो. हा हिशोब मांडून होईपर्यंत लेकीची आई चहा घेऊन आली होती. तिचा डावा गुडघा गेली चार वर्षं दुखतो आणि मंगळवारच्या बाजाराला हीच गाडी ती चालवते. लेकीनं कागदावरच्या २७ या आकड्याभोवती गोल काढला आणि म्हणाली, "राहू दे, बाबा."

दुसरा मोह होता वेग रोखणाऱ्या झडपेचा. काही गाड्यांत क्लचच्या पाइपात बारीक छिद्राची झडप असते. बीएमडब्ल्यूच्या जुन्या मॅन्युअल गाड्यांतली ही झडप काढून टाकणं हौशी लोकांत फार प्रसिद्ध आहे. पाय झटकन उचलला तरी द्रव हळूच परत येतो आणि क्लच धक्का न देता पकडतो, हे तिचं काम. काढली की पाय आणि प्लेट यांच्यात अंतर राहत नाही. सराईत पायाला ते आवडतं. पण पाय निसटला की सगळा धक्का गिअरबॉक्स आणि ड्राइव्ह शाफ्ट खातात. आमच्या गाडीतही तशी झडप आहे. आम्ही ती धुऊन पुन्हा जागेवर बसवली. घरची गाडी एका पायाची नसते. नव्यानं शिकणारा पुतण्याही तीच चालवणार आहे.

हात घालण्याआधी

अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांची टाकी एकच असते. क्लचकडं जाणारी नळी तिथं थोडी वर असते, म्हणजे क्लचची गळती झाली तरी ब्रेकसाठी द्रव उरावा. म्हणून पेडल अचानक मऊ पडलं तर आधी टाकीची पातळी बघा. पातळी उतरली असेल तर गळती सापडेपर्यंत गाडी घाटात घालू नका. टाकीच्या झाकणावर लिहिलेलाच द्रव वापरा. इंजिन ऑइलचा थेंबही सील फुगवून सगळी यंत्रणा निकामी करतो. ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा. गाडीखाली शिरायचं तर नुसत्या जॅकवर भरवसा नको, स्टँड लावा.

कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं तेच ठामपणे सांगितलं. द्रव आणि होज ही देखभाल झाली, पण गाडी वॉरंटीत असेल तर तिची कागदपत्रं आधी वाचा. आणि तुमच्या गाडीत हायड्रॉलिक क्लच आहे की केबलचा, हे सगळ्यात आधी बघा. लहान पेट्रोल गाड्यांत अजूनही केबल बरीच आढळते.

त्यानंतर लेक गाडी घेऊन चोर्ल्यातून बऱ्याच वेळा ये-जा करून आली. केरीच्या चढाला गर्दीत अडकूनही रिव्हर्स खरखरला नाही. लोण्यासारखं वगैरे काही झालेलं नाही, गिअर गिअरसारखे पडतात. १२.५, १४, १४.५ ही तीन मापं तारखांसह एका कार्डावर लिहून तिनं ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवली आहेत. चौथी ओळ रिकामी आहे. ते माप दिवाळीला, पाऊस संपल्यावर घ्यायचं ठरलंय, आणि पेडलवर या वेळी पुतण्या बसणार आहे.