सुट्या बाह्यांचा हिशेब

दोमेनिको गिरलांदायो ह्या फ्लॉरेन्सच्या चित्रकाराने १४८८ च्या सुमारास रंगविलेले जोव्हान्ना तोर्नाबुओनी हिचे चित्र आज माद्रिदच्या थायसेन संग्रहालयात आहे. त्यातील रेशमी बाहीकडे निरखून पाहिले, तर खांद्याशी आणि कोपराशी बुद्ध्याच फटी ठेवलेल्या असून त्यांतून आतल्या शुभ्र लिननचे फुगे बाहेर आलेले दिसतात. हा केवळ नखरा नव्हे. त्या काळच्या इटलीत बाही पुष्कळदा झग्याला कायमची शिवीत नसत. छिद्रांतून धातूच्या टोकांचे बंद ओवून ती खांद्याशी बांधीत, आणि म्हणूनच सधन घराण्यांच्या दप्तरांतील याद्यांत बाह्यांची जोडी हा स्वतंत्र जिन्नस म्हणून नोंदलेला आढळतो.

अंगालगत लिननचा कामिचा, त्यावर गामुर्रा नावाचा झगा आणि सर्वांवर बाजूंनी उघडा जोर्नेआ, ह्या क्रमामागे रसायनशास्त्र आहे. घाम व त्वचेचा तेलकट मळ टिपून घेणारे लिनन जवसाच्या खोडातील तंतूंचे, म्हणजे मुख्यतः सेल्युलोजचे असल्याने, लाकडाच्या राखेतून निथळून काढलेल्या क्षारजलात उकळले तरी टिकते, आणि मळातील स्निग्धांश क्षाराशी संयोग पावून धुऊन जातो. परंतु रेशीम व लोकर ही प्रथिने असल्यामुळे तोच क्षार त्यांचा नाश करतो. सबब, जे धुता येत नाही ते कातडीला लागू द्यावयाचे नाही, हा दंडक ठरला.

उष्णतेचा प्रश्नही ह्याच रचनेने सुटला. स्थिर हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने थरांमध्ये अडकलेली हवाच खरी ऊब देते. आणि हातांचा पृष्ठभाग त्यांच्या आकारमानाच्या मानाने मोठा असल्यामुळे तेथून उष्णता लवकर निघून जाते, म्हणून केवळ बाही चढविली वा उतरविली तरी पोशाखाची ऊब वाढविता-घटविता येई. शिवाय विणलेले तलम कापड फारसे ताणले जात नाही, आणि खांदा तर सर्व दिशांना फिरतो. ती अडचण सांध्यावरील फटीने दूर केली.

मळेल ते धुता यावे, झिजेल ते बदलता यावे आणि मोलाचे ते जपले जावे, असा हा चोख व्यवहार होता. कोपर विरले म्हणून सबंध कपडा टाकून देणाऱ्या आपण त्या शिंप्यांकडून तो शिकून घ्यावयास काहीच हरकत नाही.